यमुनाक्काने पाऊस पाडला त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, पाणी वरच्या अंगाला होतं आणि तहान खालच्या अंगाला.

मुळात हे असं नव्हतं. मधून एक ओढा वाहायचा. वरच्या रानातून निघायचा, खालच्या रानात यायचा आणि वाटेत जो भेटेल त्याला पाणी पाजायचा. ओढ्याला अक्कल कमी. तो कुणाकडे अर्ज मागत नसे.

मग जंगलाचे राजे सिंह महाराज यांना नौकाविहाराची हौस आली. ओढ्यात नाव रुतते. म्हणून महाराजांनी ओढ्याला बांध घातला आणि वरच्या रानात मोठा तलाव केला. सिंह नावेत बसतो का, असं विचारू नका. महाराज एकदा बसले, त्यांना मळमळलं आणि ते उतरले. नाव कुजून गेली. बांध राहिला. राजांच्या हौसेचं असंच असतं, बाळांनो. हौस जाते, बांध राहतो.

खालच्या रानातला डोह आटू लागला. आधी मासे संपले, मग बगळे गेले. बेडूक मातीत खोल जाऊन बसले आणि तिथूनच एकमेकांशी भांडू लागले. रानगवे डोहात तोंड घालायचे ते नाकाला चिखल घेऊन बाहेर यायचे.

या रानात यमुनाक्का नावाची वानरीण राहायची. वयाने पिकलेली, शेपटीने लांब आणि बोलण्यात पटाईत. पण तिचं बोलणं तोंडात कमी आणि हातांत जास्त. ती आंबा म्हणाली की तिच्या तळव्यावर आंबा दिसायचा. साप म्हणाली की समोरचा मागे सरायचा. भांडणात तिच्या बाजूला उभं राहायची सोय नव्हती. हात लागायचा.

तहान वाढली तेव्हा सगळे तिच्याकडे आले.

"अक्का, महाराजांना सांगायला हवं," सांबर म्हादबा म्हणाला. म्हादबा मोठ्या शिंगांचा आणि लहान आवाजाचा होता. "आमच्यात तुझ्यासारखं बोलणारं दुसरं कोण आहे?"

"सांगते की," अक्का म्हणाली. "त्यात काय! राजा झाला तरी त्यालाही तहान लागतेच ना?"

तिचं हे गणित चुकलं होतं. पण ते तिला नंतर कळलं.

आता दरबाराविषयी थोडं सांगायला हवं. पूर्वी दरबार वडाखाली भरायचा. प्रजा समोर यायची. तिच्याबरोबर तिचा घामही यायचा. महाराजांना ते सोसेना. म्हणून कोल्हे दिवाणजींनी परदेशातून यंत्रं मागवली. प्रत्येक रानात झाडाला एक कॅमेरा आणि एक पडदा टांगला. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि बोलायचं. वर महाराजांच्या पडद्यावर बोलणारा दिसायचा आणि खाली बोलणाऱ्याच्या पडद्यावर महाराज दिसायचे. वास कुणालाच यायचा नाही.

त्या यंत्रात एक करामत होती. तिचं नाव प्रतिक्रिया. कॅमेऱ्यासमोर ठरावीक हातवारा केला की यंत्र आपोआप चित्रं सोडायचं. कधी फुगे, कधी बदाम, कधी आतषबाजी. ही करामत मुळातच चालू होऊन आली होती. कुणी मागितली नव्हती. पण चालू होऊन आलेली गोष्ट कोण बंद करतो?

दिवाणजींनी महाराजांना समजावलं, "महाराज, प्रजा तोंडाने रडगाणं गाते. यंत्र तोंडाकडे बघत नाही, मन ओळखतं. मनात आनंद असेल तर फुगे उडतात. नसेल तर उडत नाहीत."

महाराजांना हे फार पटलं. रडगाणं ऐकून त्यांचे कान दुखायचे. फुग्यांनी काहीच दुखत नव्हतं.

मग प्रतिक्रियांवर नजर ठेवायला एक निरीक्षक नेमला. तो होता रंगराव सरडा. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरायचे. एक डोळा तो पडद्यावर ठेवायचा आणि एक महाराजांवर. नोकरीला यापेक्षा मोठी पात्रता लागत नाही. कुठली प्रतिक्रिया सुरू झाली आणि कुठली संपली, हे त्याने मोठ्याने सांगायचं, एवढंच काम. कोण काय बोललं, हे त्याच्याकडे नव्हतं. ते कुणाकडेच नव्हतं.

तर यमुनाक्का कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पडद्यावर महाराजांची आयाळ दिसली, मग महाराज दिसले.

"महाराज," अक्का म्हणाली, "आमचा डोह आटला. आता एवढंच पाणी उरलंय." आणि तिने अंगठा उभा करून दाखवला.

"शाबासकी सुरू!" पडद्यामागून कुणीतरी ओरडलं.

आता पाहा, आपल्याकडे अंगठा दाखवला तर त्याला ठेंगा म्हणतात. पण यंत्र परदेशी होतं. त्या देशात अंगठा दाखवला की 'छान' म्हणतात. वर महाराजांच्या पडद्यावर अक्काच्या डोक्याशेजारी एक गुबगुबीत अंगठा टुणकन उगवला होता. अक्काला त्याचा पत्ता नव्हता. तिला फक्त महाराजांचा चेहरा उजळलेला दिसला. तिला वाटलं, ऐकतायत. तिला हुरूप आला.

"दोन म्हातारी कासवं गेली, महाराज," तिने दोन बोटं वर केली.

"फुगे सुरू!"

"अरे वा!" महाराज म्हणाले. "कुठे गेली?"

अक्का गोंधळली. "वर गेली, महाराज."

"बरोबर आहे. फुगे वरच जातात."

अक्काला वाटलं, राजांची भाषा वेगळी असते. ती अजून काकुळतीला आली. तिने दोन्ही हात छातीशी जुळवून ओंजळ केली. "ओंजळभर पाणी द्या, महाराज. बाकी काही नको."

"बदाम सुरू!"

महाराजांचे डोळे पाणावले. "दिवाणजी, आमच्यावर केवढा जीव आहे हो हिचा! अशा प्रजेला काय द्यावं?"

"काही देऊ नये, महाराज," दिवाणजी म्हणाले. "द्यायचं ते दुःखी प्रजेला."

"मग दुःखी कोण आहे?"

"सध्या कुणी नाही."

महाराजांनी खालच्या रानाचं अभिनंदन केलं आणि ते जेवायला गेले.

अक्का तिथेच उभी राहिली. तिचे हात अजून ओंजळीतच होते. दरबार उठल्यावर पडदा बंद करायला रंगराव सरडा खाली आला, त्याला तिने गाठलं.

"अहो रंगराव, अभिनंदन कसलं? मी मेलेल्यांचं सांगत होते आणि महाराज हसत होते."

रंगरावाने आजूबाजूला पाहिलं. त्याला ते एकाच वेळी दोन्हीकडे पाहता यायचं. मग त्याने तिला सगळं सांगितलं. अंगठा, फुगे आणि बदाम.

"अगं बाई!" अक्काने कपाळावर हात मारला. "कासवांवर फुगे सोडले मी? मग बंद कसं करायचं हे?"

"कळ आहे. तुमच्याच बाजूला, कॅमेऱ्याच्या मागे."

"मग दाबते."

"दाबू नका! हुकमाशिवाय कळ दाबली तर राजद्रोह होतो. हुकूम दरबारात मागावा लागतो."

"मग मागते."

"मागा. पण हातांनी मागू नका."

"तुम्हीच सांगा की महाराजांना. तुम्ही तर तिथेच असता."

रंगराव हिरव्याचा पिवळा झाला. "अक्का, मला फुगे सुरू झालेले दिसतात. संपलेलेही दिसतात. फोडायचा अधिकार मला नाही."

पुढच्या दरबाराला अक्काने म्हादबाकडून आपले हात पाठीमागे वेलीने बांधून घेतले. घट्ट बांध म्हणाली. म्हादबाने बांधले.

"बोला," महाराज म्हणाले.

अक्काने तोंड उघडलं. "महाराज, डोह..." आणि ती अडली. डोह केवढा, ते दाखवायला हात पुढे यायला धडपडू लागले. वेल काचली. "पाणी... म्हणजे ते... असं..." तिची शेपटी वळवळली, खांदे उडाले, भुवया चढल्या. शब्द मात्र घशातच बसून राहिले. जन्मभर हातांनी वाट दाखवलेली. त्यांच्याशिवाय शब्दांना बाहेरचा रस्ता सापडेना.

"काही दिसतंय का, रंगराव?"

"प्रतिक्रिया नाही, महाराज."

"म्हणजे तक्रार नाही," दिवाणजी म्हणाले.

आणि ज्या रानाची तक्रार नाही तिथे ओढ्याची झिरपणारी धार तरी कशाला, म्हणून बांधाच्या फटीही लिंपून घेतल्या.

अक्का त्या दिवशी जेवली नाही. हातांवर वेलीचे वळ उठले होते, ते चाटत ती झाडाच्या शेंड्यावर बसून राहिली. फजितीचं तिला फार वाटत नव्हतं. वानराच्या जातीला फजिती नवी नाही. पण धार बंद झाली ती आपल्या गप्प बसण्याने, हे तिच्या काळजाला लागलं.

"ज्याला हातच नाहीत असा कुणीतरी पाठवू," एका रानगव्याने सुचवलं.

म्हादबाला पाठवलं. त्याला चारही पायच होते. बोलणंही मोजकं. तो गेला, कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि रीतीप्रमाणे त्याने मान लववून महाराजांना मुजरा केला. त्याची शिंगं कॅमेऱ्यासमोर आली. परदेशी यंत्राला वाटलं, कुणीतरी नाचाच्या धुंदीत तर्जनी आणि करंगळी शिंगांसारखी ताणून धरली आहेत.

"रंगीत किरणं सुरू!"

लाल, निळी, जांभळी किरणं पडद्यावर थैमान घालू लागली. म्हादबा घाबरला आणि त्याने आणखी खाली मान घातली. किरणं वाढली. त्याने क्षमा मागायला मान हलवली. किरणंही हलली. महाराजांनी पंजाने ताल धरला.

म्हादबा परत आला तो 'नृत्यभूषण' होऊन आला.

"पाण्याचं काय झालं?" अक्काने विचारलं.

"विषय निघाला नाही," म्हादबा म्हणाला. आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "पण अक्का, किरणं म्हणे फार शोभली मला."

तहानेलाही कुठेतरी विरंगुळा लागतो.

दिवस तापत गेले. डोहाच्या तळाला तडे पडले. एक रानगवा चिखलात रुतला तो सगळ्यांनी मिळून ओढून काढला, पण त्याच्या अंगात उठायचं बळ राहिलं नाही. तो तिथेच सावलीला पडून राहिला. त्याला पाहून अक्काचा तोल गेला. दरबार होता की नव्हता, तिने विचारलं नाही. ती धावत गेली आणि कॅमेऱ्यावर ओरडली.

वर महाराज दुपारची झोप घेत होते. ते दचकून उठले.

"बांध उघडा!" अक्का ओरडली. "पाणी खाली सोडा! खाली! खाली!" आणि तिने दोन्ही मुठी वळून दोन्ही अंगठे जमिनीकडे रोखले.

पडद्यावर एकदम अंधारून आलं. ढग आले. आणि धो धो पाऊस कोसळू लागला.

"पाऊस सुरू!" रंगराव ओरडला आणि स्वतःच निळा पडला.

महाराज पडद्याला नाक लावून पाहू लागले. वरच्या रानातही उन्हाळाच होता. तलावाकाठीसुद्धा दगड पोळत होते. "दिवाणजी! खालच्या रानात पाऊस पडतोय आणि आम्ही इथे उकडतोय? हा काय कारभार आहे?"

"खाली! खाली!" अक्का ओरडतच होती. पाऊस वाढतच होता.

"ऐका, ती आम्हाला खाली बोलावते आहे," महाराज म्हणाले. "वर्षाविहाराची तयारी करा."

अशा रीतीने सिंह महाराज आपल्या पायांनी खालच्या रानात आले. पुढे दिवाणजी पानांची छत्री धरून चालत होते. मागे रंगराव दरबारचा पडदा सांभाळत होता. त्याच्या मागे रानडुकरं पाण्याने भरलेले बांबूचे नळे खांद्यावर घेऊन येत होती. पावसात जाताना पाणी कशाला, असं कुणी विचारलं नाही. राजाबरोबर पाणी असतंच.

खालच्या रानात धुरळा उडाला. पानं वाळून पायाखाली चुरत होती. महाराज डोहाच्या मधोमध येऊन उभे राहिले. तड्यात त्यांचा पंजा अडकला.

"पाऊस कुठे आहे?" महाराजांनी विचारलं.

सगळं रान जमलं होतं. यमुनाक्का पुढे झाली. तिच्या मनात आलं, आता झालं. आता मध्ये यंत्र नाही. राजा समोर आहे, डोह समोर आहे. डोळ्यांनी बघेल, पायांनी बघेल.

"पाऊस नाही, महाराज," ती म्हणाली. "कधीच नव्हता. डोह आटला. एवढंच पाणी होतं, तेही गेलं." आणि तिने अंगठा उभा करून दाखवला.

महाराजांनी तिच्या डोक्याशेजारी पाहिलं. तिथे काही उगवलं नाही. नुसता अंगठा होता.

महाराजांची आयाळ फुलली. "दिवाणजी! ही बया आम्हाला ठेंगा दाखवते?"

"हो महाराज! सर्वांदेखत!"

महाराजांनी पंजा उचलला. म्हादबाने डोळे मिटले. अक्का जागची हलली नाही. घाबरून नव्हे, तिला हलायचं सुचलंच नाही.

तेव्हा रंगराव सरडा सरसर पुढे आला. त्याच्या अंगावर सगळे रंग एकदम आले होते. "महाराज! महाराज, असं नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. पडद्यात पाहावं."

झाडाचा कॅमेरा चालू होता. महाराजांनी रंगरावाने आणलेल्या पडद्यात पाहिलं. तिथे अक्काच्या डोक्याशेजारी गुबगुबीत अंगठा डोलत होता.

"शाबासकी सुरू," रंगराव पुटपुटला.

महाराजांनी पंजा खाली घेतला. "असं होय. आमचा गैरसमज झाला." मग ते अक्काला म्हणाले, "आता तो पाऊस दाखव बरं. आम्ही त्यासाठी आलो आहोत."

अक्काने मुठी वळल्या आणि अंगठे खाली केले.

पडद्यावर अंधारून आलं. महाराज कॅमेऱ्यासमोर उभेच होते. त्यांच्या आयाळीवर, पाठीवर, शेपटीवर पाऊस कोसळू लागला. महाराजांनी पडद्याकडे बघत अंग झटकलं.

"गार वाटलं," ते म्हणाले.

मातीतल्या बेडकांनीही कुठल्याशा भेगेतून पडदा पाहिला असावा. एक ओरडला, मग दुसरा, मग सगळे.

पाऊस पाहून महाराजांना तहान लागली. रानडुकराने नळा पुढे केला. महाराज घटाघटा प्यायले. हनुवटीवरून ओघळ आला आणि थेंब डोहाच्या मातीत पडू लागले. सगळं रान त्या थेंबांकडे बघत होतं. सावलीला पडलेल्या रानगव्यानेही मान उचलली होती.

अक्का महाराजांच्या पायांकडे बघत होती. डोहाची वाळलेली माती त्यांच्या नखांत भरली होती. त्या नखांनी ते कोरड्यात उभे होते आणि पाऊस बघत होते. मग तिला कळलं. महाराजांना आजवर कळलं नव्हतं असं काही नव्हतंच. त्यांना सांगायचं राहिलेलं काहीच नव्हतं.

"यमुनाबाई," महाराज तोंड पुसत म्हणाले, "आम्ही तुमच्यावर प्रसन्न आहोत. तुम्ही वर चला. तलावाकाठी राहा, पाहिजे तेवढं पाणी प्या आणि रोज दुपारी आम्हाला पाऊस दाखवा. आजपासून तुम्ही राजपर्जन्या."

अक्काने मागे पाहिलं. म्हादबा मान खाली घालून उभा होता. कुणी काही म्हणत नव्हतं. 'जा' असंही नाही आणि 'नको' असंही नाही. तिला गळ्याशी पाण्याची चव आली आणि तिची तिलाच लाज वाटली.

मग ती म्हणाली, "महाराज, एकटीच्या हाताने पाऊस पडत नाही."

"म्हणजे?"

"आता नुसता दिसला. पाऊस ऐकूही यायला हवा. त्याला बेडूक लागतात. सगळे. आणि वीज नको का? हा म्हादबा आहे, नृत्यभूषण. त्याने मान लववली की वीज चमकते. ढग गडगडायला रानगवे लागतील. पाय आपटतात ते चांगले."

"आणि तो पडलेला?" दिवाणजींनी विचारलं.

"तो तर मुख्य आहे," अक्का म्हणाली. "पाऊस पडून गेल्यावर जी शांतता होते ना, ती तो करतो."

दिवाणजींनी डोळे बारीक केले. त्यांना सगळं समजत होतं. पण खातं मोठं झालं की खात्यावरचा दिवाणही मोठा होतो, हेही त्यांना समजत होतं.

"महाराज," ते म्हणाले, "मागणी रास्त आहे. पर्जन्य खातं पूर्ण मनुष्यबळानिशी काढावं."

तिथे एकही मनुष्य नव्हता. पण सरकारी भाषेत तसंच म्हणतात.

आणि अख्खं खालचं रान उठून वर गेलं. रानगव्याला म्हादबाने आणि इतर गव्यांनी खांदे देऊन नेलं. तलावाच्या काठी पोचल्यावर कुणी रांग लावली नाही, कुणी हुकमाची वाट पाहिली नाही. सगळ्यांनी पाण्यात तोंडं घातली. कितीतरी वेळ नुसता पिण्याचा आवाज येत होता. अक्का गळ्याइतक्या पाण्यात बसून राहिली आणि तिने दोन्ही हात पाण्याखाली मोकळे सोडले. त्या जंगलात इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. तिथे अजून कॅमेरा नव्हता, त्यामुळे एकही फुगा उडाला नाही.

मग तलावाकाठीही कॅमेरा टांगला आणि काम सुरू झालं. दुपारी महाराज पडद्यासमोर बसायचे. अक्का अंगठे खाली करायची, बेडूक ओरडायचे, गवे पाय आपटायचे, म्हादबा मान लववायचा. म्हादबाचं काम बघायला दुसऱ्या रानातल्या सांबरी येऊ लागल्या. पर्जन्य खात्याचं नाव झालं. रिकाम्या खालच्या रानातून आता एकही तक्रार येत नव्हती, म्हणून ते राज्यातलं सर्वांत सुखी रान ठरलं.

अक्का दरबारात महाराजांच्या शेजारी बसू लागली. तिला मान होता, पाणी होतं. झोप थोडी कमी झाली होती, पण वयात तसं होतंच.

एकदा दरबार चालू असताना पूर्वेच्या माळाकडून पडदा लागला. पडद्यावर एक अस्वल आलं. काळंभोर, अंगाला राख फासल्यासारखं.

"महाराज!" अस्वल ओरडलं. "माळ पेटलाय! वणवा उठलाय! काहीतरी करा!" आणि ते मागच्या पायांवर उभं राहून दोन्ही पंजे वर करून आक्रोश करू लागलं.

"आतषबाजी सुरू!" रंगराव म्हणाला. पण या वेळी त्याचा आवाज नीट निघाला नाही.

अस्वलाच्या मागे लाल, सोनेरी, हिरवे बाण फुटू लागले. त्यातला लाल रंग जरा जास्तच होता. धूरही जरा जास्तच होता. यंत्राचं कुठलं आणि माळाचं कुठलं, हे नुसतं पाहून सांगता येत नव्हतं.

"वाहवा!" महाराज म्हणाले. "यमुनाबाई, तुम्ही या विषयातल्या जाणत्या. हा कसला सण आहे?"

यमुनाक्का उठून उभी राहिली. हा वणवा आहे, हे तिला स्वच्छ दिसत होतं. सांगायला फक्त दोन शब्द लागत होते. पण ती आतषबाजी खोटी ठरली असती, तर तिचा पाऊसही खोटा ठरला असता. दरबाराच्या कडेला पर्जन्य खातं बसलं होतं. आजारातून उठलेला रानगवा होता. म्हादबा होता. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि पडद्यावर ते अस्वल पंजे वर करून खोकत होतं.

रंगरावाचे दोन्ही डोळे पहिल्यांदाच एका जागी आले. ते तिच्यावर होते.

"महाराज," अक्का म्हणाली, "सण नाही. हा फार मोठा कसबी आहे. असा आतषबाज तुमच्या राज्यात आहे आणि तो माळावर वाया जातोय, ही शरमेची गोष्ट आहे. त्याला आत्ताच्या आत्ता वर बोलावून घ्या."

"घेऊ की. दिवाणजी!"

"एकटा नको, महाराज. आतषबाजीला हात फार लागतात. त्याच्या बायकामुलांसकट, शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट. ससे, तित्तिर, मुंगूस, माळावर जो कोणी असेल तो. आणि हरणांना पुढे पाठवा, ती धावून लौकर निरोप देतील. उशीर नको, कला थांबत नाही."

हरणं सुटली. तासाभरात पूर्वेचा माळ धापा टाकत तलावाकाठी आला. कुणाची शेपूट होरपळलेली, कुणाचे पाय. तरी सगळे होते. अस्वल पाण्यात पडून रडत होतं. महाराजांना वाटलं, नेमणुकीने भारावलं असावं.

मागे माळ जळत राहिला. तो रिकामा होता. महाराजांनी ती आतषबाजी शेवटपर्यंत पाहिली आणि असा सोहळा पूर्वी झाला नव्हता, असं जाहीर केलं.

गर्दी पांगल्यावर रंगराव अक्काच्या शेजारी काठावर येऊन बसला. तलावाची कड पूर्वीपेक्षा थोडी आत गेली होती. एवढी तोंडं एका पाण्याला लागली की कड आत जाते.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "अशी आणखी किती खाती काढणार?"

"रानं किती पेटतील, त्यावर आहे," अक्का म्हणाली.

रंगराव पाण्याच्या रंगाचा झाला आणि आपणही पाणी प्यायला खाली उतरला.

तात्पर्य: बाळांनो, संकटात सापडलात तर राजापुढे खरं सांगत बसू नका, खरं त्याला ठाऊक असतं. आपलं संकट देखणं करावं आणि ते दाखवायला कुटुंबासकट यावं लागेल, असं सांगावं. राजाला दया येईलच असं नाही, पण गंमत नक्की वाटते; आणि या जंगलात पाणी तहानेला मिळत नसून गमतीला मिळतं.